प्राध्यापकी सोडून फ्रीलान्स लेखनात यायचंय? राजीनामा सगळ्यात शेवटी, त्याआधी हे टप्पे

सीएचबीवर (तासाप्रमाणे मानधनावर) वर्षानुवर्षं घासलेले, विनाअनुदानित कॉलेजात अर्ध्या पगारावर सही पूर्ण पगाराची करणारे, नेट-सेट-पीएचडी सगळं होऊन मुलाखतींच्या रांगेत उभे असलेले बरेच जण हल्ली विचारतात की लेखनावर पोट भरेल का. भरतं, पण जवळपास सगळे क्रम उलटा लावतात. आधी तिरीमिरीत राजीनामा, मग फेसबुकवर "आजपासून पूर्णवेळ लेखन" अशी पोस्ट, मग काम शोधायला सुरुवात, मग कुणीतरी रेट विचारला की गडबड, आणि सगळ्यात शेवटी कळतं की आपण जे लिहितोय ते परीक्षक सोडून कुणाला वाचवत नाही. त्यामुळे खाली क्रम नीट लावून दिलाय, आणि मधले टप्पे गाळू नका, कारण मधलेच टप्पे लोक गाळतात.

हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या सिनियर कॉलेजवाल्यांना धरून लिहिलंय. ज्युनियर कॉलेजवाले किंवा पीएचडी चालू असलेले पण वापरू शकतात, फक्त पहिल्या टप्प्यातल्या परवानगीच्या भागाकडे जास्त लक्ष द्या.

## टप्पा १ : कागद आणि पैसा (लेखनाचं नाव पण काढू नका अजून)

आधी पैशाचं. महिन्याचा घरखर्च काढा, खरा, वहीत मांडून. भाडं किंवा हप्ता, किराणा, शाळेची फी, गावाकडे पाठवता ते, औषधं. त्याला किमान सहाने गुणा आणि तेवढे पैसे बँकेत असल्याशिवाय पुढचा विचार नको. सहाच का, तर फ्रीलान्समध्ये पहिलं काम मिळायला वेळ लागतो आणि काम दिल्यावर पैसे यायला त्याहून जास्त, एजन्सीवाले सर्रास ४५-६० दिवसांनी देतात. सीएचबीवाल्यांना ही सवय असतेच म्हणा, मानधन कधी येईल ते संचालक कार्यालयालाही माहीत नसतं. पण एक चूक तेच जास्त करतात, थकलेलं मानधन ते शिलकीत धरतात. जे खात्यात आलं नाही ते धरू नका.

दुसरं, आरोग्य विमा. कॉलेजचा ग्रुप विमा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण शुगर-बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

कर्जाचं थोडं उलटसुलट आहे. पगाराची स्लिप असताना गृहकर्ज सोपं पडतं, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न मागते, हे खरं. पण म्हणून निघायच्या तोंडावर नवा हप्ता गळ्यात बांधून घेणं मला पटत नाही.

आता कागद. हे सगळं राजीनाम्याचा र पण न उच्चारता गोळा करा:

- मूळ प्रमाणपत्रं. बऱ्याच खासगी कॉलेजांत ती ऑफिसच्या कपाटात "ठेवायला" घेतलेली असतात. पासपोर्टचं, व्हेरिफिकेशनचं, जे काही खरं कारण असेल ते सांगून परत आणा.
- प्रत्येक वर्षाचं नेमणूकपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र असेल तर ते, अनुभवाचा दाखला.
- फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला), पीएफचा यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) आणि पासबुक.
- खासगी कॉलेजात सलग पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशोब. २००९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षक पण त्या कायद्यात आले, पण कितीतरी मास्तरांना अजून वाटतं की ते फक्त कारखान्यातल्या लोकांना असतं. चार वर्षं दहा महिने झाली असतील तर दोन महिने कळ काढा.

सावधान, परवानगी. नोकरीत राहून पैसे घेऊन लिहायला चालतं का? सरकारी कॉलेजात असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत. अधूनमधून साहित्यिक-वैज्ञानिक स्वरूपाचं लेखन त्यात बसतं, नियमित धंदा बसत नाही. अनुदानित-विनाअनुदानितमध्ये नेमणूकपत्रातल्या अटी वाचा. फेलोशिपवर असाल, यूजीसीची जेआरएफ किंवा बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची कुठलीही, तर तिच्या अटींत दुसऱ्या मानधनाच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा आणि गाईडला विचारून घ्या, नाहीतर रक्कम परत करायची वेळ येते. सीएचबीवाले यात सगळ्यात मोकळे. तासाचे पैसे देणाऱ्याला तुमच्या बाकीच्या तासांवर हक्क सांगता येत नाही, तरी प्राचार्यांना उगाच सांगत फिरू नका.

## टप्पा २ : काय विकणार ते ठरवा

"मी काहीही लिहू शकतो" हे वाक्य डोक्यातून काढा. काम देणारा माणूस असा माणूस शोधतच नसतो. त्याला एक ठराविक गोष्ट पाहिजे असते आणि ती करणारा माणूस पाहिजे असतो.

मास्तरांकडे विकण्यासारखं काय असतं ते सांगतो, कारण ते स्वतःला कमी लेखतात किंवा भलत्याच गोष्टीला भारी समजतात. शोधनिबंधांच्या यादीला बाहेर फार कुणी विचारत नाही. पण नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीवेळी ज्याने रात्री जागून एसएसआर (कॉलेजचा स्वयंमूल्यमापन अहवाल) लिहिलाय, सात क्रायटेरियाच्या फायली जुळवल्यात, दहा विभागांकडून तुटक-तुटक माहिती मागून घेऊन त्याचा सलग मजकूर केलाय, त्या माणसाला सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल, सीएसआर (कंपनीच्या सामाजिक खर्चाच्या) प्रकल्पाचा अहवाल, कामाच्या केस स्टोऱ्या हे डोळे झाकून जमतं. आणि ते काम पैसे देतं.

बाकी ठिकाणं पटापट: इंग्रजी-मराठी अनुवाद (कंपन्या, बँका, संस्था, अॅपमधला मजकूर), ई-लर्निंगच्या स्क्रिप्ट, स्पर्धा परीक्षेचं आणि शालेय साहित्य, सबटायटल, शोधनिबंधांचं भाषा-संपादन, वेबसाइटचे लेख, संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गौरवग्रंथ, कुणा उद्योजकाचं आत्मचरित्र शब्दांकित करून देणं. शेवटचे तीन प्रकार जिल्ह्याच्या गावात पण मिळतात, त्याला पुण्या-मुंबईत असावं लागत नाही. दिवाळी अंकात लिहा जरूर, पण त्याला उत्पन्न समजू नका, आणि लिहायचंच तर संपादकांशी जून-जुलैत बोला, गणपतीत फोन केलात तर अंक लागलेला असतो.

यातले दोनच निवडा. एक लवकर पैसे देणारं (अनुवाद, संपादन) आणि एक तुमच्या विषयाचं, जिथे तुमच्यासारखे लोक कमी आहेत. रसायनशास्त्रवाला खतं-औषधांच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद जितका नीट करेल तितका साहित्याचा प्राध्यापक नाही करू शकत, हे लक्षात घ्या. मराठी विषयवाल्यांचीच लेखनात मक्तेदारी असते असं काही नाही.

मोठी सावधगिरी. तुम्ही प्राध्यापकी सोडताय हे कळलं की पहिलं काम बहुतेक हेच येईल: "सर, आमच्या मॅडमचा थिसिस तेवढा लिहून द्या, पैशाचं बघून घेऊ." नाही म्हणा. भाषा तपासणं, संदर्भांची मांडणी नीट करणं वेगळं, ते उघडपणे करता येतं. प्रकरणं लिहून देणं ही फसवणूक आहे, आणि व्यवहार म्हणूनही बेकार, कारण त्या कामाचा नमुना तुम्ही कुणाला दाखवू शकत नाही, बिल फाडू शकत नाही, आणि एकदा "हा लिहून देतो" असं नाव झालं की चांगली कामं येत नाहीत.

## टप्पा ३ : हात मोकळा करा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि सगळ्यात जास्त गाळला जातो. पंधरा वर्षं आपण अशा माणसासाठी लिहिलेलं असतं ज्याला ते वाचावंच लागतं, गाईड, परीक्षक, कमिटी. बाहेरचा वाचक दुसऱ्या ओळीला निघून जातो. त्यामुळे आधी स्वतःच्याच थिसिसवर हात साफ करा, त्यातली माहिती तुम्हाला पाठ आहे, म्हणून सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

समजा विषय १९७२ चा दुष्काळ आणि कामावरच्या स्त्रिया असा आहे. थिसिसमधलं वाक्य असं असतं:

"प्रस्तुत प्रकरणामध्ये १९७०-७३ या कालखंडातील अवर्षणाच्या पार्श्वभूमीवर शासनामार्फत राबविण्यात आलेल्या दुष्काळ निवारण कार्यांमधील स्त्री श्रमिकांच्या सहभागाचे विश्लेषण करण्यात आलेले आहे."

लेखाची सुरुवात अशी पाहिजे:

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांना अजून दोन गोष्टी आठवतात, सुकडी आणि मिलो. लाल मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करतात."

काय बदललं बघा. "करण्यात आलेले आहे" गेलं, म्हणजे कुणी केलं ते लपवणारी क्रियापदं गेली. माणसं आली. आधी वस्तू आली, विश्लेषण नंतर येईल. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, ही माहिती टाकायचीच आहे, पण ती पाचव्या-सहाव्या परिच्छेदात, वाचकाला ती बाई दिसल्यावर.

सराव असा करा:

1. थिसिसमधली दोन पानं घ्या. "प्रस्तुत", "सदर", "सदरहू", "अनुषंगाने", "दृष्टिकोनातून", "करण्यात आले", "असे दिसून येते" हे सगळे शब्द पिवळे करा. पान पिवळंधमक होईल, घाबरू नका.
2. फाइल बंद करा आणि तेच घरातल्या शिकलेल्या पण त्या विषयातल्या नसलेल्या माणसाला तोंडी सांगा. फोनवर रेकॉर्ड करा.
3. रेकॉर्डिंगवरून लिहा, थिसिसवरून नाही.
4. ८०० शब्दांत बसवा. मग ५०० मध्ये. कापताना जे सगळ्यात जास्त दुखतं ते बहुतेक वेळा आपल्या विद्वत्तेचं प्रदर्शन असतं, वाचकाला त्याची उणीव भासत नाही.
5. संदर्भ कंसात आणि तळटीपेत न टाकता वाक्यात आणा. "अमुक जनगणनेनुसार" एवढं पुरतं. पण मूळ संदर्भ स्वतःकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, संपादक फोन करून विचारतो.

काही जण उलट्या टोकाला जातात, रील्सची भाषा, दर ओळीला उद्गारचिन्ह, "तुम्हाला माहितीये का मित्रांनो". त्याची काही गरज नाही, वर्गात एफवायच्या पोरांना समजावताना जसं बोलता तसंच लिहिलं तरी चालतं.

सावधान. थिसिससाठी घेतलेल्या मुलाखती अभ्यासासाठी दिलेल्या असतात. त्याच पैशाच्या लेखात वापरायच्या असतील तर त्या माणसांना परत विचारा, नाव छापू का हेही विचारा. आणि जो पेपर जर्नलला हक्क लिहून देऊन छापलाय त्यातली माहिती-मुद्दे वापरता येतात, परिच्छेद उचलता येत नाहीत, भले ते तुमचेच असोत.

## टप्पा ४ : तीन नमुने आणि टायपिंग

नमुने तीनच, दहा नकोत. ज्या दोन प्रकारचं काम मागणार त्याचेच. अनुवाद विकणार असाल तर एखाद्या सरकारी योजनेच्या इंग्रजी माहितीपत्रकाची दोन पानं मराठीत करा, शेजारी मूळ ठेवा. अहवाल विकणार असाल तर ओळखीच्या छोट्या संस्थेचं चार पानी काम करून द्या. एखादा नमुना कुठेतरी छापून आलेला असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही, स्वच्छ पीडीएफ चालते. छापून येईपर्यंत थांबणं ही अॅकॅडमिक सवय आहे, यूजीसी केअर लिस्टच्या (मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीच्या) दिवसांतली, ती इथे उपयोगाची नाही.

टायपिंगचं मात्र आत्ताच सुधारा. सगळं युनिकोडमध्ये पाहिजे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं वेबवाल्याकडे गेलं की नुसती चिन्हं दिसतात. उलट काही जुने प्रकाशक अजून श्रीलिपीच मागतात, म्हणून कन्व्हर्टर वापरायला शिका, आणि कन्व्हर्ट केल्यावर रफार, जोडाक्षरं, आकडे डोळ्यांनी तपासा कारण तिथे हमखास घोळ होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला थोडे दिवस जातात पण वेग येतो. बोलून टाइप करणं पहिल्या खर्ड्याला छान आहे, ऱ्हस्व-दीर्घ मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. शासनमान्य लेखनाचे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ ला वाढवलेले ४, ते प्रिंट काढून समोर चिकटवा. अनुवादाच्या टेस्टमध्ये बाद होणारे बरेचसे लोक ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारावरच बाद होतात, पीएचडी असली तरी.

तपासा: तीन नमुने तयार? त्या विषयातला नसलेला माणूस शेवटपर्यंत न थांबता वाचतो? युनिकोडमध्ये आहेत? तरच पुढे.

## टप्पा ५ : रेट, आणि तो न अडखळता सांगणं

आपल्या लोकांचं इथे सगळं अडतं. पेपर छापायला आपण उलट पैसे भरलेले असतात, परिसंवादाला स्वतःच्या खर्चाने गेलेलो असतो, त्यामुळे लिहिण्याचे पैसे मागायचे म्हटलं की जीभ जड होते. मग "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." समोरच्याला योग्य वाटतं ते फार कमी असतं.

हिशोब असा करा. महिन्याला घरखर्च, विमा, नेट, लॅपटॉपची तजवीज, टॅक्सचं बाजूला हे सगळं धरून समजा ४५,००० लागतात. महिन्यात कामाचे दिवस २२ धरले तरी पैसे मिळतात असं काम फार तर १२ दिवस होतं, बाकीचे दिवस काम मागण्यात, दुरुस्त्यांत, बिलांच्या मागे आणि वाचण्यात जातात. म्हणजे दिवसाला ३,७५० पडले पाहिजेत. माहिती काढून, लिहून, तपासून दिवसाला १,२०० शब्दांचा लेख होत असेल तर शब्दाला तीन रुपयांच्या थोडं वर. अनुवाद दिवसाला २,००० शब्द नीट होत असेल तर शब्दाला साधारण एक रुपया अठ्ठ्याऐंशी पैसे.

तुम्ही म्हणाल एवढे मराठी वेबसाइटवाला देणारच नाही. बरोबर, बरेचसे देत नाहीत, पण आता निदान तुम्हाला माहितीये की कुणी शब्दाला ४० पैसे म्हणाला तर ३,७५० कमवायला दिवसाला ९,३७५ शब्द उपसावे लागतील, आणि ते माणसाकडून होत नाही. मग अशी कामं सुरुवातीला हात बसायला एखाद-दोन घ्यायची की नाही ते डोळे उघडे ठेवून ठरवता येतं. हिशोब बसतो तो मिश्रणातून, दोन चांगले अहवाल, एक नियमित अनुवादाचा ग्राहक, आणि मन रमवायला लेख.

आणखी एक नवीन प्रकार. मशिनने केलेला अनुवाद "फक्त तपासून द्या" म्हणून कमी रेटमध्ये देतात. घेण्याआधी दोन पानं मागून बघा. मराठी बरं असेल तर ठीक, नाहीतर ते नव्याने लिहिण्याइतकंच काम असतं आणि पैसे तपासण्याचे. तुम्ही स्वतः एआय वापरणार असाल तर ग्राहकाला ते चालतं का हे आधी विचारा, काही करारांत स्पष्ट मनाई असते, गोपनीय मजकूर असेल तर तर नक्कीच.

रेट सांगताना फोनवर सांगू नका, मेलवर एका ओळीत: "१,२०० शब्दांपर्यंत, एक फेरी दुरुस्ती धरून, इतके रुपये." त्यापुढे "थोडं कमी-जास्त करू" हे शेपूट जोडू नका, घासाघीस त्यांना सुरू करू द्या.

## टप्पा ६ : काम मागणं

अर्ज, बायोडेटा, सोबत प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, असं नाही करायचं इथे. दहा पानी सीव्ही कुणी उघडत नाही. पाच-सहा ओळींचा मेल. नमुना देतो, आपापल्या विषयाप्रमाणे बदला:

"नमस्कार. तुमच्या संस्थेचा गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल वाचला. पाणलोटाच्या कामाचे आकडे चांगले आहेत, पण ज्या गावात काम झालं तिथली माणसं अहवालात दिसत नाहीत. मी दहा वर्षं ग्रामीण समाजशास्त्र शिकवलंय, मराठवाड्यात फिरून मुलाखती घेतल्यात. यंदाच्या अहवालासाठी पाच केस स्टोऱ्या मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून देऊ शकतो. सोबत एक नमुना जोडलाय. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

"मी अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक असून" नाही, आर्जव नाही, डॉक्टरेट मेलच्या सहीत आपोआप दिसते. त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट तेवढी आहे. दगड न मारता, पण राहिलेलं दाखवून.

कुणाला पाठवायचे? आधी माजी विद्यार्थी. हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. तुमची पोरं आज बँकेत, संस्थांत, न्यूज पोर्टलवर, एडटेक कंपन्यांत बसलेली आहेत आणि तुमचा शब्द मानतात. त्यांना "काम दे" म्हणू नका, "तुमच्याकडे मराठी मजकुराचं काम कोण बघतं" एवढंच विचारा. नंतर संस्था, त्यांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि अहवालाची धावपळ त्यानंतर असते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मेल गेला पाहिजे. मग अनुवाद एजन्सी. त्या टेस्ट घेतात, २००-३०० शब्दांची फुकट टेस्ट चालते.

फसवणूक ओळखा.
- काम देण्याआधी रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट मागितलं की संपलं, फोन ठेवा.
- "टेस्ट" म्हणून २,००० शब्दांचा पूर्ण लेख मागितला तर ती टेस्ट नसते, तेच ते छापणार.
- ऑनलाइन करारावर सही घ्यायची, अशक्य मुदत द्यायची, आणि मग "अचूकता कमी" म्हणून वकिलाच्या नोटिशीची धमकी देऊन पैसे उकळायचे हा डेटा एंट्रीतला जुना प्रकार आता "कंटेंट"च्या नावाने चालतो. घाबरून पैसे भरू नका, सायबर हेल्पलाइन १९३० आहे.

दोनदा मेल करून उत्तर नाही आलं तर पुढे जा. नाही आलेलं उत्तर म्हणजे रिजेक्शन रिपोर्ट नव्हे, त्यावर विचार करत बसू नका.

## टप्पा ७ : काम घेतलं की लेखी, मग बिल, मग टॅक्स

मोठा करार लागत नाही, पण मेलवर हे सहा मुद्दे पाहिजेत: काय देणार, किती शब्द, कधी, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, किती पैसे आणि किती दिवसांत, हक्क कुणाचे. मोठं काम असेल तर निम्मे आधी. गौरवग्रंथ-आत्मचरित्रवाल्यांकडून तर आधी घ्याच, कारण ज्यांचा गौरव व्हायचाय ते साहेब प्रत्येक प्रूफला एक नवीन आठवण काढतात आणि काम वर्षभर लांबतं.

हक्कांचं नीट समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचा मजकूर मुळात लेखकाचा. हक्क देणं हे लेखी आणि सहीनिशीच होतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे" अशी ओळ दिसली तर थांबून विचार करा की एवढ्या पैशात ते देताय का. अनुवाद-अहवालात द्यायला हरकत नाही, स्वतःच्या संशोधनावरच्या लेखात मी देणार नाही.

बिलावर नाव, पत्ता, पॅन, बिल नंबर, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, बँकेचे तपशील. एवढंच. काम पाठवलं त्याच दिवशी बिल पाठवा, "नंतर एकदम देतो" करू नका.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या, सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, हजार-दोन हजार मागणारे एजंट असतात त्यांना टाळा. फायदा असा की सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही, आणि अकाउंट्सवाला त्यालाच जास्त घाबरतो. बिलावर उद्यम नंबर छापा.

टॅक्स थोडक्यात: एकाच ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापतात, काही जण कंत्राट धरून १ टक्का कापतात. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही म्हणून लोक रिटर्नच भरत नाहीत आणि कापलेला टीडीएस सोडून देतात, तसं करू नका, तो तुमचा पैसा आहे. शिवाय पुढे बँक तेच रिटर्न मागणार. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख, पहिल्या वर्षी तिकडे बघायची गरज बहुतेक पडत नाही. अंदाजी उत्पन्नाच्या (जमा रकमेचा ठराविक हिस्साच उत्पन्न धरायच्या) कुठल्या कलमात लेखन बसतं यावर सीएंची मतं वेगवेगळी असतात, म्हणून सीए एकदा गाठा आणि त्याच्या सल्ल्याने चाला, व्हॉट्सअॅपवरच्या सल्ल्याने नको.

## टप्पा ८ : आता राजीनामा

हे तिन्ही झालेलं असेल तरच: सहा महिन्यांचे पैसे बाजूला, किमान दोन वेगवेगळ्या ग्राहकांनी पैसे दिलेले (दिलेले, "देतो" म्हणालेले नाही), आणि त्यातला एक जण परत आलेला. एकच ग्राहक असेल तर ती दुसरी नोकरीच झाली, तीही बिनहक्काची.

वेळ निवडा. सत्राच्या मध्ये सोडलं तर नोटिशीच्या पगारावरून आणि दाखल्यांवरून अडवतात. परीक्षा, पेपर तपासणी, अंतर्गत गुण भरणं हे उरकून सत्राच्या शेवटी सोडा. नोटिशीचा काळ नेमणूकपत्रात बघा. राजीनामा चार ओळींचा, कारण "वैयक्तिक", संस्थाचालकांबद्दल मनात कितीही असलं तरी एक शब्द नाही. पोच घ्या, शिक्का-तारखेसह, आणि मेलवर पण पाठवा. मग ना-देय दाखला, ग्रंथालयाचं कार्ड, कार्यमुक्तीचं पत्र, पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकली का ते. ही तारीख राहिली की पैसे काढताना अडतं.

कायम पदावर असाल तर लगेच सोडू नका. बिनपगारी असाधारण रजा मिळते का, आपला धारणाधिकार (त्या पदावर परत यायचा हक्क) राहतो का ते विचारा, पण रजेत पैसे घेऊन काम करता येतं का हेही त्याच पत्रात लेखी विचारून घ्या.

घरचे विचारतील "मग आता काय करतोस सांगायचं लोकांना?" त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा, लग्नाकार्यात उपयोगी पडतं.

## पहिल्या वर्षात हमखास होणाऱ्या चुका

अभ्यास संपतच नाही ही पहिली. ८०० शब्दांच्या लेखासाठी तीन पुस्तकं वाचून होतात आणि चौथं मागवलेलं असतं. वाचायला किती तास ते काम घेतानाच ठरवा आणि तेवढे झाले की लिहायला बसा.

संपादकाने कापलं की दोन पानी खुलासा पाठवणं ही दुसरी. तो पीएचडीचा व्हायव्हा (तोंडी परीक्षा) नाही. तथ्य चुकत असेल तर सांगा, वाक्य त्याच्या चवीने बदललं तर सोडून द्या.

तिसरी, घरी असतो म्हणून सगळ्यांची कामं अंगावर येणं, गॅस, बँक, शेजारच्यांचं पार्सल. कॉलेजचे तास होते तशी वेळ दारावर लिहून लावा, चेष्टा होते थोडे दिवस, मग सवय होते सगळ्यांना.

आणि जून-जुलैत जुन्या कॉलेजातून फोन येईल, "सर, चार तास घ्या ना, माणूस मिळत नाही." मोह होतो. दिवसाचा आकडा काढलाय ना टप्पा ५ मध्ये, त्याच्याशी ताडून बघा, जाण्यायेण्याचा वेळ धरून. आठवड्यातले दोन ठराविक दिवस, सकाळचे सलग तास आणि मानधनाची तारीख लेखी देणार असतील तर घ्या, नाहीतर अतिथी व्याख्यानाला बोलवा म्हणावं, आणि त्याचं मानधन किती ते त्याच फोनवर विचारून घ्या.